गावातली बारव, वीरगळ आणि गढी पाहायला लोक यावेत म्हणून आधी काय करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठवाड्यातलं छोटं गाव. गावात एक हेमाडपंती महादेव मंदिर, झाडाझुडपांनी भरलेली बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर, जुनी वेस, पडकी गढी आणि मारुतीच्या पाराशी टेकवून ठेवलेले चार-पाच वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळा. ‘क’ वर्ग पर्यटनस्थळ म्हणून जिल्हा नियोजनातून निधी मिळण्याची शक्यता आहे. मंदिराला रंग, बारवेला सिमेंटचा गिलावा आणि वर ग्रील, सगळ्या आवारात पेव्हर ब्लॉक आणि रस्त्यावर मोठी स्वागतकमान असा बेत ठरतो आहे. एवढ्याने लोक येतील का, आणखी काय करावं?

आधी हा बेत थांबवा. कमान आणि पेव्हर पाहायला शहरातून कोणी येत नाही. ते त्याच्या घराशेजारीही असतात. माणूस येतो तो आठशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाने मारलेली छिन्नी जशीच्या तशी पाहायला. तिच्यावर रंगाचा हात फिरला की पाहण्यासारखं तेवढंच उरतं जेवढं तालुक्यातल्या प्रत्येक गावात आहे. अशा गावांमधली बहुतेक नासधूस चोरांनी किंवा पावसाने नाही, चांगल्या मनाने केलेल्या सुशोभीकरणाने झालेली असते. म्हणून या उत्तरातला निम्मा भाग ‘काय करू नका’ असा आहे.

कागद आधी

प्रत्येक वास्तू कोणाची आहे ते काढा. बारव शेतात असेल तर सातबारा, गावठाणात असेल तर नमुना ८, मंदिर न्यासाचं असेल तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंद. बारवेचा मालक पुण्याला असतो, त्याच्या चुलत भावाची तिथे पाण्याची मोटार असते आणि काम अर्ध्यावर आल्यावर दोघेही अडवायला उभे राहतात. हे नेहमी घडतं. लेखी संमती आधी घ्या.

मग वास्तू संरक्षित आहे का ते पाहा. केंद्र संरक्षित असेल तर १९५८ चा कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती लागू होते: संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. राज्य संरक्षित असेल तर १९६० चा महाराष्ट्राचा कायदा आणि राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय. दोन्हीकडे विनापरवाना एक दगडही हलवायचा नाही. हेतू चांगला होता ही सबब चालत नाही.

तुमच्यासारख्या गावांतल्या बहुतेक वास्तू कोणत्याच यादीत नसतात. तरीही हात पूर्ण मोकळे नसतात. गाळात नाणी, मूर्ती, दागिना निघाला तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. त्या कायद्यात मर्यादा दहा रुपयांची आहे, म्हणजे व्यवहारात सगळंच आलं. निघालेली मूर्ती परस्पर नव्या देवळात बसवली की पुढे वाद गावाच्या गळ्यात येतो. त्याच दिवशी फोटो, पंचनामा आणि तहसीलला पत्र, एवढं करा.

हात लावण्याआधी नोंद

दोन दिवस, टेप, फोनचा कॅमेरा आणि एक वही एवढं पुरतं. प्रत्येक वास्तूचे चारही बाजूंनी फोटो, फोटोत मापाची पट्टी. बारवेच्या पायऱ्या मोजा, रुंदी आणि उंची लिहा, कोनाडे किती, कोणत्या दिशेला, कुठला दगड सुटलाय, कुठे भिंतीला पोट आलंय. इकडेतिकडे पडलेल्या कोरीव दगडांना खडूने किंवा दोरीला बांधलेल्या चिठ्ठीने क्रमांक द्या. ऑइल पेंटने नको, तो क्रमांक मग शंभर वर्षं दिसतो.

कुठे अक्षरं दिसली तर त्यात रंग, हळद किंवा खडू भरू नका. रंग भरणारा माणूस स्वतःला वाटलेलं अक्षर रंगवतो आणि खरं अक्षर कायमचं झाकलं जातं. सकाळी किंवा संध्याकाळी उन्हाची तिरीप दगडाला घासून जाते तेव्हा फोटो घ्या. ऊन पोचत नसेल तर अंधारात टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून एका बाजूने धरा. दुपारी सपाट वाटणाऱ्या दगडावर चार ओळी उभ्या राहतात. एकाच लेखाचे डावीकडून, उजवीकडून आणि वरून प्रकाश टाकून तीन फोटो घ्या आणि वाचनासाठी जाणकाराकडे पाठवा.

लेखातला काळ समजायला साधी बेरीज आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पौषापासून फाल्गुनापर्यंतचे, म्हणजे जानेवारीनंतर पडणारे दिवस असतील तर ७९. साताऱ्याजवळ लिंब गावची बारामोटेची विहीर शके १६४१ ते १६४६ मधली, म्हणजे १७१९ ते १७२४ ची. शुहूर सन, म्हणजे मराठाकाळातल्या कागदांत येणारी अरबी कालगणना, असेल तर ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मे अखेर असेल तर ६००. हा सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो, ‘खमस अशरीन मया व अलफ’ असा: पाच, वीस, शंभर आणि हजार, म्हणजे ११२५, अर्थात १७२४-२५. वेशीवर आणि मशिदीवर फार्सी लेख असेल तर गावातल्या अंदाजावर जाऊ नका, वाचता येणारा माणूस शोधा.

बारव

गावातली सगळ्यात मोठी ओढ हीच ठरेल, आणि सगळ्यात जास्त धोकाही हिच्याच कामात आहे.

कामाचा काळ एप्रिल-मे. पाणी तळाला असतं आणि पावसाच्या आत काम आटोपतं. उतरण्याआधी हवा तपासा. अरुंद, खोल आणि वर झाडोरा वाढलेल्या विहिरीत तळाशी प्राणवायू कमी असतो, कुजलेल्या गाळातून विषारी वायू सुटतो. कंदील सोडून पाहायची जुनी रीत फक्त प्राणवायू कमी आहे का एवढंच सांगते, विषारी वायू तिला कळत नाही. गॅस मीटर आणा, पहिल्या माणसाच्या कमरेला दोर बांधा, वर दोघे उभे ठेवा. खाली कोणी बेशुद्ध पडला तर त्याला काढायला लगेच दुसऱ्याने उतरायचं नाही. एकामागून एक माणसं जातात ती याच घाईत. डिझेल इंजिन बारवेच्या आत किंवा पायऱ्यांवर ठेवू नका. त्याचा धूर खाली साचतो. पंप विजेचा, इंजिन असेल तर वर आणि वाऱ्याच्या दिशेने दूर.

पाणी एका दिवसात उपसू नका. भिंतीमागची माती पाण्याने भिजून जड झालेली असते आणि आतलं पाणी भिंतीला समोरून टेकू देत असतं. टेकू एकदम काढला की मागची माती भिंतीला ढकलते आणि शंभर वर्षं उभी असलेली भिंत एका रात्रीत कोसळते. दिवसाला दोन-तीन फूट, त्यापेक्षा जास्त नाही. रोज सकाळी पोट आलेल्या जागी दोरा ताणून अंतर मोजा. अंतर वाढलं तर उपसा थांबवा.

जेसीबी काठावर आणायचा नाही. काठापासून किमान बारवेच्या खोलीएवढं अंतर कुठल्याही जड वाहनाने ठेवावं, ट्रॅक्टर-ट्रॉलीसुद्धा. गाळ घमेल्याने किंवा कप्पीवर बादलीने वर काढा आणि थेट ट्रॉलीत न टाकता ताडपत्रीवर पसरून मगच हलवा. तांब्याची भांडी, दिवे, मण्यांची माळ, फुटलेली मूर्ती हे सगळं त्या गाळातच असतं. तळाची मूळ फरसबंदी किंवा खडक लागला की थांबा. आणखी खोदलं तर पाणी वाढेल हा मोह होतो, आणि त्याने पायाखालचा आधार जातो.

झाडं हा वेगळा विषय आहे. पिंपळ, वड, उंबर यांची मुळं सांध्यात शिरून दगडाला विळखा घालतात. दोर लावून ओढलं की मूळ येतं आणि त्याच्याबरोबर तीन दगड येतात. बुंधा भिंतीलगत कापा, सालीचं कडं सोलून काढा, फूट आली की दर पंधरा दिवसांनी खुडत राहा. मूळ जागेवर वाळू द्या, त्याला एखादा पावसाळा जातो. वाळलेलं मूळ आक्रसतं, मग ते तुकड्यातुकड्याने काढून पोकळी भरता येते. तणनाशक पाण्याच्या जागी वापरू नका. ॲसिड आणि केरोसीन ओतायची पद्धतही सोडा. झाड मरतंच असं नाही, दगड आणि पाणी मात्र नक्की खराब होतात.

आता सिमेंट. यादवकाळातली बारव बहुधा कोरड्या सांध्याची असते, म्हणजे घडीव दगड चुन्याशिवाय एकमेकांवर बसवलेले. ते सांधे भरायचे राहून गेलेले नाहीत. मागच्या मातीतलं पाणी त्यातून पाझरून बारवेत येतं. पाणी येण्याची तीच वाट आणि भिंतीवरचा दाब कमी होण्याचीही तीच. सिमेंटने सांधे बुजवले की पाणी मागे अडतं, दाब वाढतो, चार-पाच पावसाळ्यांत भिंतीला पोट येतं. शिवाय सिमेंटमधले क्षार दगडावर पांढरे फुटतात. कोरड्या सांध्याच्या भिंतीत सुटलेला दगड पुन्हा बसवायचा असेल तर मूळ दगड मूळ जागी आणि मागे दगडाच्या चिपांचा भराव, एवढंच.

मराठाकाळातली बारव किंवा वेस चुन्यात बांधलेली असते, तिथे दुरुस्तीही चुन्यातच. कळीचा चुना विझवून पाण्याखाली निदान महिनाभर मुरवायचा. १ भाग चुना, १ भाग सुरखी, २ भाग धुतलेली वाळू, आणि चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, नीट मळलेलं. विटांची भुकटी म्हणजे सुरखी ही चांगल्या भाजलेल्या विटांचीच हवी. मोठ्या पोकळीत आधी चिपा ठोकायच्या, मग चुना. एका वेळी थर १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जाड नको, जाड थराला तडे जातात. वर ओलं गोणपाट लावून दोन आठवडे ओलावा राखायचा. भर उन्हात सोडून दिलेला चुना भुसभुशीत होतो आणि गवंडी म्हणतो, ‘चुन्यात दम नाही.’ दम पाणी मारण्यात असतो.

रेलिंग हवंच, पण काठाच्या दगडात भोकं पाडून लोखंडी बोल्ट बसवू नका. लोखंड गंजून फुगतं आणि काठाचा दगड आतून फोडतं. काठापासून मीटरभर मागे, स्वतःच्या पायावर उभं राहील असं साधं रेलिंग करा. तोंडावर सपाट जाळी टाकली की बारव दिसतच नाही. बुडणाऱ्याला टाकायला हवा भरलेली ट्यूब, लांब दोर आणि पाण्याची खोली सांगणारा फलक मात्र ठेवा. पावसाळ्यात शेवाळ आल्यावर खालच्या टप्प्याला साखळी लावून बंद करा.

मंदिर

पहिलं काम सर्वांत सोपं आणि सर्वांत दुर्लक्षित: अभिषेकाचं पाणी बाहेर जाण्याची वाट. गर्भगृहाच्या भिंतीतून, बहुधा उत्तरेला, प्रणाल म्हणजे दगडी पन्हळ बाहेर येते, तिच्या टोकाला मकरमुख असतं. फरशी बसवताना किंवा बाहेर काँक्रीट करताना ती बुजते. मग पाणी गर्भगृहातच मुरतं, भिंती कायम ओल्या राहतात, आतल्या मूर्तींवर पांढरे क्षार दिसतात. बांबूची काडी घालून प्रणाल मोकळी करा, बाहेर उघडी दगडी नाली काढून पाणी दूर न्या.

आवारात पेव्हर किंवा काँक्रीट घालू नका. जमिनीतला ओलावा उघड्या मातीतून उडून जातो. वर झाकण घातलं की तो भिंतीत चढतो. आणि दर वेळी नवा थर टाकून जमीन उंचावत गेली की मंदिराचं जोतं गाडलं जातं. अनेक ठिकाणी गजथर, नरथर (हत्ती आणि माणसं कोरलेले थर) असलेलं अधिष्ठान, म्हणजे मंदिराचा चौथरा, फूट-दीड फूट जमिनीखाली गेलंय आणि खांब आखूड वाटतात ते यामुळे. चालायला वाट हवी असेल तर मुरूम दाबून दगडी चिरे सुटे मांडा, भिंतीपासून मीटरभर जागा उघडी सोडा.

दगडाला पाणी आणि काथ्याचा किंवा नायलॉनचा मऊ ब्रश एवढंच लागू शकतं. तारेचा ब्रश, ॲसिड, जोराच्या पाण्याचा पंप, सँडब्लास्टिंग यांतलं काहीही नाही. काळ्या बसाल्टमध्ये पांढऱ्या स्फटिकांचे मणी असतात, जोराचा मारा त्यांना उखडतो आणि दगडाला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. जुना ऑइल पेंट काढणं हे रसायनतज्ज्ञाचं काम आहे, पॉलिशवाल्याचं नाही. शिखरावरचा किंवा भिंतीवरचा जुना चुन्याचा थरही सरसकट खरवडू नका, त्याखाली कधी रंगीत चित्र असतं.

छत गळत असेल तर वर काँक्रीटचा स्लॅब टाकू नका. दगडी तुळया त्या वजनासाठी बसवलेल्या नाहीत. वरची माती आणि झुडपं काढून चुना-विटांच्या तुकड्यांचा उताराचा थर पुरतो.

वीरगळ

पर्यटकाला थांबवून ठेवण्याची ताकद यांत आहे, फक्त वाचून दाखवायला हवेत. वीरगळ खालून वर वाचतात. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर. शेजारी गाई कोरल्या असतील तर गोधन वाचवताना मेला असा त्याचा अर्थ. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना बसलेला, माथ्यावर चंद्र-सूर्य आणि कलश. चंद्र-सूर्य असेपर्यंत हे स्मरण टिको, असा तो सांगावा. शेजारच्या एखाद्या शिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असेल तर ती सतीशिळा. आणि खाली गाढव आणि स्त्री कोरलेली शिळा असेल तर ते गधेगळ, म्हणजे दानाचा भंग करणाऱ्याला दिलेली शापवाणी. ते लपवू नका आणि त्यावरून हसूही नका. मधल्या भागात दानाचा लेख असण्याची शक्यता असते, तोच खरा ऐवज.

जागेवरून हलवू नका. वीरगळ कुठे आणि कुठल्या तोंडाने उभा आहे हीच एक माहिती आहे. रस्तारुंदीमुळे हलवणं टळतच नसेल तर आधी जागेचा नकाशा आणि फोटो, मग जवळच्याच उंच, पाणी न साचणाऱ्या जागी, तळाशी मुरूम-खडीचा थर देऊन उभा करा. काँक्रीटमध्ये रोवू नका. त्यातून ओल वर चढते आणि खालची चौकट, म्हणजे लढाईचीच चौकट, पापुद्र्यांनी सुटते. ज्या शिळेची आज शेंदूर लावून पूजा होते तिचा शेंदूर खरवडायला जाऊ नका. ती श्रद्धा गावाची आहे. बाकीच्या शिळांना तेल-शेंदूर लागू न देणं एवढंच पाहा.

वेस आणि गढी

वेशीचा शत्रू उसाची ट्रॉली. कमानीच्या अलीकडे वीस-पंचवीस फुटांवर उंचीची आडवी पट्टी लावा आणि जड वाहनांना दुसरी वाट द्या. नाहीतर एक धडक आणि कमानीचा चावीचा, म्हणजे माथ्यावरचा मधला दगड निखळतो. वेशीवरचे फ्लेक्स आणि केबलचे खिळे आजच काढता येतात, त्याला निधी लागत नाही.

गढी पांढऱ्या मातीची असेल तर तिथली माती घर सारवायला आणि शेतात टाकायला नेणं आधी थांबवा. तळाशी कोरलेली भिंत पावसाळ्यात सरळ आडवी होते. उभ्या भिंतीपासून तिच्या उंचीएवढ्या अंतरावर दोर बांधून लोकांना थांबवा. गढीजवळ जुनं पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं टेकाड असेल तर तिथे खोदकाम अजिबात नको. खापरं आणि मणी वर दिसले तर जागेची नोंद करून कळवा. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. प्राचीन ग्रीक व्यापारी वर्णनात ज्याला तगर म्हटलंय ते हे गाव. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या वस्तू चिकाटीने जमवल्या आणि त्या संग्रहावर आज तिथे शासनाचं वस्तुसंग्रहालय उभं आहे. लोक त्रिविक्रमाचं विटांचं मंदिर आणि गोरोबाकाकांचं देऊळ पाहून संग्रहालयाकडे वळतात. खापर फेकून दिलं असतं तर हे झालं नसतं.

फलक

इथे गावं सर्वांत जास्त चुकतात. नेहमीचा मजकूर असा असतो: ‘हे अतिप्राचीन, पांडवकालीन, हेमाडपंती मंदिर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हेमाडपंतांनी बांधले.’ या एका वाक्यात तीन गोष्टी एकमेकींना खोट्या ठरवतात. हेमाद्री हा यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांचा मंत्री, तेराव्या शतकातला. आणि ज्या शैलीला आपण हेमाडपंती म्हणतो ती त्याच्याही आधीची आहे. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे १०६० चं, हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचं. हेमाडपंती म्हणजे बांधणीची पद्धत, बांधणाऱ्याचं नाव नव्हे.

मजकूर असा करा:

‘महादेव मंदिर. बांधणीच्या शैलीवरून अंदाजे १२ वे-१३ वे शतक. मंदिरावर काळ सांगणारा लेख नाही. दगडांच्या सांध्यात चुना नाही. खाचा आणि वजन यांवर दगड एकमेकांत बसवले आहेत. सभामंडपात उभे राहून वर पाहा: चौकोनावर तिरके चौकोन चढवत छत मिटवले आहे. गावात सांगतात की पांडव हे एका रात्रीत बांधत होते आणि कोंबडा आरवल्याने कळस राहिला.’

ठाऊक आहे ते, अंदाज आहे तो आणि लोक सांगतात ते, तिन्ही वेगवेगळं. लोककथा काढून टाकू नका, ती गावाची ठेव आहे, फक्त तिला इतिहासाच्या जागी बसवू नका. आणि ‘वर पाहा’, ‘डावीकडच्या खांबाच्या तळाशी शोधा’ असं एक तरी वाक्य ठेवा. माणूस फलक वाचून निघून जाण्याऐवजी दगडाकडे जातो. साठ-सत्तर शब्दांपुढे कोणी वाचत नाही.

बारवेच्या फलकावर तिचा प्रकार लिहा. शिल्पशास्त्रात एका बाजूने उतरणारी ती नंदा, दोन बाजूंची भद्रा, तीन बाजूंची जया, चार बाजूंची विजया. पायऱ्यांच्या वाटा मोजल्या की तुमची कोणती ते पोरंसुद्धा सांगतील.

फलक वास्तूला खिळे मारून किंवा टेकवून लावू नका. तीन फूट उंचीच्या स्वतंत्र स्टँडवर, तिरका, आणि फोटोच्या चौकटीत येणार नाही अशा बाजूला. फ्लेक्स एक-दोन उन्हाळ्यांत उडतो. कोरलेला धातू किंवा दगड महाग पडला तरी एकदाच करावा लागतो. देणगीदारांची नावं वेगळ्या फलकावर, ग्रामपंचायतीत.

फेरी आणि सोयी

एकेक वास्तू पाहायला कोणी पन्नास किलोमीटर येणार नाही. पाचही मिळून पायी फेरी मात्र दिवसभराचं निमित्त होते. क्रम प्रकाशावर ठरवा. मंदिर पूर्वाभिमुख असेल तर सकाळी, कारण ऊन थेट सभामंडपात जातं. बारव भर दुपारी, ऊन तळापर्यंत उतरतं तेवढाच वेळ. पार, वीरगळ आणि वेस चार वाजल्यानंतर, तिरप्या उन्हात चौकटी उठून दिसतात. शेवटी गढी.

गाड्या बाजारतळावर. आठवडी बाजाराच्या दिवशी तिथे जागा नसते, हे नकाशावरच्या माहितीत स्पष्ट लिहा. बाईमाणसांसाठी स्वच्छ, पाणी असलेलं, कुलूप नसलेलं शौचालय नसेल तर कुटुंबं पुन्हा येत नाहीत. कमानीच्या पैशात ते सहज होतं आणि वर्षभराच्या झाडणाऱ्याचा पगारही निघतो. गाभाऱ्याला कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे आणि किती ते किती, हे लिहा. बंद दारावरून परतलेला माणूस दहा जणांना सांगतो. ऑनलाइन नकाशावर खूण बारवेच्या नेमक्या तोंडावर टाका. बऱ्याचदा ती गावाच्या मध्यावर पडते आणि लोक शेतातून भटकतात.

माहिती सांगायला गावातले तिघे-चौघे तयार करा. मंदिराचा गुरव, एखादे निवृत्त गुरुजी आणि कॉलेजातल्या एक-दोन मुली-मुलं. बारवेचं पाणी कोणत्या आळीला, कोण कुठल्या पायरीवर बसून धुणं धूत असे, हे म्हाताऱ्या बायकांना विचारून लिहून घ्या. पुस्तकात न मिळणारी माहिती ती हीच. प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर ‘याचा पुरावा मिळालेला नाही’ एवढं म्हणायला शिकवा.

निधीबद्दल एक. अंदाजपत्रक करणारा अभियंता दरसूचीतल्या रोजच्या बाबी उचलतो आणि त्या सिमेंटच्या असतात. म्हणून जतनकामाचा अनुभव असलेल्या वास्तुविशारदाकडून आराखडा आधी करून घ्या, ग्रामसभेत मंजूर करा आणि निविदेत ‘सिमेंट, सँडब्लास्टिंग, ऑइल पेंट, वास्तूत लोखंडी बोल्ट वर्ज्य’ ही ओळ घाला. ती ओळ नसेल तर ठेकेदाराला अडवायला तुमच्या हातात काही राहत नाही. निधी मार्चअखेर परत जाईल म्हणून घाईने संमती देऊ नका. नोंद, प्रणाल मोकळी करणं, फ्लेक्स काढणं, वीरगळांभोवती झाडलोट आणि फलकाचा मजकूर ही कामं निधीशिवाय आत्ताच होतात.

आणि बारवेत उतरायच्या आधीच, या महिन्यापासून, दर पहिल्या तारखेला पाण्याच्या वर किती पायऱ्या दिसतात ते मोजून वहीत लिहा. उपसा कधी परवडेल ते त्यावरून कळतं, शेजारच्या बोअरमुळे पाणी उतरतंय का तेही कळतं. वर्षभराचे आकडे जमले की तेच फलकाशेजारी लावा. नोव्हेंबरात आलेल्याला पाण्याखाली गेलेल्या पायऱ्यांची संख्या दिसेल आणि त्या पाहायला मे महिन्यात यायचं हेही त्याला कळेल.